विध्यर्थ आणि रीतिभूत : सत्तेच्या इतिहासलेखनातील एक अडचण

मराठी व्याकरणात ज्याला आपण विध्यर्थ म्हणतो आणि ज्याला रीतिभूतकाळ म्हणतो, त्या दोहोंत अंतर एखाद्या प्रत्ययाचे आहे. ‘राजाने पहाटे उठावे’ हा विध्यर्थ. ‘राजा पहाटे उठत असे’ हा रीतिभूतकाळ. पहिल्या वाक्यात कोणा एकाची इच्छा, अपेक्षा किंवा आज्ञा आहे. दुसऱ्यात घडून गेलेल्या गोष्टीविषयीचे विधान आहे. व्याकरणाच्या वर्गात या दोन वाक्यांची गल्लत कोणी करणार नाही. तथापि इतिहासातील राज्यव्यवहाराचे आणि सत्तेचे वर्णन करताना पहिल्या प्रकारच्या वाक्यावरून दुसऱ्या प्रकारच्या वाक्यावर येण्याचा प्रवास आपल्या अभ्यासकांनी वारंवार केला आहे, आणि तो इतक्या निःशब्दपणे केला आहे की वाचकाला त्याची चाहूलही लागू नये. ‘करावे’ याचे ‘करीत असत’ कसे होते, त्यामुळे सत्तेचे कोणते चित्र आपल्या मनात ठसते, आणि त्यावर वाङ्मयाच्या अभ्यासकाला काही उपाय सुचविता येतो काय, एवढ्याच प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

ही गल्लत होण्यास आपली भाषाही काही अंशी कारण आहे. ‘शासन’ हा शब्द पाहावा. त्याचा मूळ अर्थ आज्ञा, शिकवण. ताम्रपटावर कोरलेल्या दानपत्राला ताम्रशासन म्हणतात, कारण ते राजाज्ञेचे पत्र असते. ‘त्याला शासन केले’ असे म्हटले की अर्थ होतो शिक्षा. आणि आजच्या व्यवहारात शासन म्हणजे सरकार. फारसीतून उर्दूत आलेल्या ‘सियासत’ या शब्दातही राज्यव्यवस्था आणि शिक्षा हे दोन्ही अर्थ नांदत आले आहेत. आज्ञा, ती मोडणाऱ्याचे पारिपत्य आणि आज्ञा देणारी यंत्रणा ही तिन्ही ज्या भाषेत एकाच शब्दात सामावतात, त्या भाषेच्या वाचकाला आज्ञा दिली म्हणजे ती पाळलीही गेली असे वाटले, तर नवल नाही. परंतु सत्तेचा इतिहास नेमका या तिन्हींमधील अंतराचा इतिहास आहे. आज्ञा कोठवर पोचली, कोठे अडली, कोणी ती वाटेत वाकवली, हे सांगता आले तरच राज्य म्हणजे काय होते हे सांगता येते.

या अडचणीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे गेल्या शतकातील वाचन. आर. शामशास्त्री यांनी १९०५ पासून या ग्रंथाच्या अनुवादाचे भाग प्रसिद्ध करावयास आरंभ केला, १९०९ मध्ये म्हैसूरहून मूळ संहिता छापली आणि १९१५ मध्ये संपूर्ण इंग्रजी अनुवाद दिला. तोपर्यंत हा ग्रंथ इतरांच्या उल्लेखांतून आणि चाणक्याच्या आख्यायिकांतूनच माहीत होता. भारतीयांना परलोकाची चिंता होती, राज्याची नव्हती, हा समज त्या काळी पाश्चात्त्य पंडितांत रूढ होता. अशा वेळी खाणी, गोधन, मद्य, सूत, जकात, तोलमाप, गुप्तचर आणि परराष्ट्रव्यवहार यांचा तपशीलवार ऊहापोह करणारा पंधरा अधिकरणांचा ग्रंथ हाती आला, तेव्हा त्याचे स्वागत केवळ विद्वत्तेच्या आनंदाने झाले नाही. एका प्रदीर्घ आरोपाला दिलेले उत्तर म्हणून ते झाले. काशीप्रसाद जायस्वाल यांचा ‘हिंदू पॉलिटी’ हा ग्रंथ १९२४ मध्ये आला, तो याच वातावरणात. त्या पिढीची निकड आपण समजून घेतली पाहिजे. परंतु त्या निकडीपोटीच ग्रंथातील विध्यर्थ इतिहासाच्या पुस्तकांत रीतिभूत झाला, हेही नोंदविले पाहिजे.

संस्कृतातील विधिलिङ् हे या ग्रंथाचे प्रमुख आख्यातरूप आहे. राजाने दिवसाचे आणि रात्रीचे प्रत्येकी आठ भाग करून कोणत्या भागात काय करावे, अध्यक्षाने कोठारात काय ठेवावे, हेराने कोणता वेश घ्यावा, असा सगळा मजकूर आहे. मराठीत तो ‘करावे’, ‘ठेवावे’, ‘घ्यावा’ असाच येतो. पण पाठ्यपुस्तकात उतरताना वाक्य बनते ते असे : चंद्रगुप्त मौर्य दिवसाचे आठ भाग करीत असे, त्याचे हेर संन्याशांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वेशात राज्यभर फिरत असत. मूळ ग्रंथात चंद्रगुप्ताचे नाव नाही, पाटलिपुत्राचेही नाही. ज्याला उद्देशून ग्रंथ लिहिला आहे तो ‘विजिगीषु’ हा शेजारच्या अनेक राजांच्या मंडलात वावरणारा, कधी प्रबळ तर कधी दुर्बळ असा एक कल्पित राजा आहे. उपखंडाच्या मोठ्या भागावर पसरलेल्या साम्राज्याचा अधिपती म्हणून तो डोळ्यांसमोर येत नाही. शिवाय आपण पूर्वाचार्यांचे ग्रंथ एकत्र करून हे शास्त्र रचीत आहोत, असे ग्रंथकार आरंभीच सांगतो, आणि पानोपानी त्या आचार्यांची मते देऊन ती खोडतो. ज्या ग्रंथात मतभेद इतका मोकळेपणाने नांदतो, तो एखाद्या दरबाराचा कामकाजाचा वृत्तांत कसा मानता येईल?

ग्रंथाच्या काळाविषयीचा वाद प्रसिद्ध आहे. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केलेल्या आपल्या आवृत्तीत र. पं. कंगले यांनी संहिता, अनुवाद आणि अभ्यास असे चिरस्थायी काम केले आणि परंपरेने सांगितलेले कर्तृत्व ग्राह्य मानले. १९७१ मध्ये थॉमस ट्राउटमन यांनी ‘च’, ‘वा’ यांसारख्या लहानशा अव्ययांच्या वापराची मोजदाद करून ग्रंथाची निरनिराळी अधिकरणे एकाच हातची नाहीत असा निष्कर्ष काढला. २०१३ मध्ये पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी नवा इंग्रजी अनुवाद देताना हा ग्रंथ मौर्योत्तर असून टप्प्याटप्प्याने वाढला, अशी मांडणी केली. हा वाद महत्त्वाचा आहे. परंतु आपला प्रश्न त्याच्या निकालावर अवलंबून नाही. उद्या हा ग्रंथ चंद्रगुप्ताच्या मंत्र्यानेच लिहिला हे निर्विवाद सिद्ध झाले, तरीही ‘करावे’ याचा अर्थ ‘केले’ असा होणार नाही.

गंमत अशी की या गल्लतीचा लाभ परस्परविरोधी पक्षांनी घेतला आहे. ज्यांना प्राचीन भारतात प्रजाहितदक्ष राज्य पाहावयाचे होते, त्यांनी अनाथ, वृद्ध आणि गर्भिणी यांच्या पोषणाविषयीचे नियम रीतिभूतात लिहिले. ज्यांना तेथे सर्वसाक्षी, जुलमी राज्य पाहावयाचे होते, त्यांनी हेरांचे नियम रीतिभूतात लिहिले. राज्याचा हात घरोघर पोचत होता हे दोघांनीही गृहीत धरले. तो हात मायेचा की माराचा एवढाच वाद राहिला.

मग अशा ग्रंथाचा इतिहासाला उपयोग काय? उपयोग आहे, पण तो ग्रंथाचा प्रकार ओळखून करावा लागतो. अधिकारी राज्याचे धन चाळीस प्रकारांनी अपहृत करतात, अशी यादी या ग्रंथात आहे. आणि पाण्यात फिरणारा मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसेच अधिकाऱ्याचे धन घेणे कळत नाही, अशा आशयाचा दृष्टान्तही आहे. येथे विध्यर्थाच्या आडून एक भय बोलते आहे. राजाची सत्ता ज्यांच्या हातांनी चालते त्या हातांवर राजाचा विश्वास नाही, आणि त्यांच्यावाचून त्याचे चालतही नाही. एवढे या पानांवरून निश्चित म्हणता येते. चाळीस या आकड्यावर मात्र भार देऊ नये. वर्गीकरणाची आणि मोजणीची हौस हा शास्त्रग्रंथाच्या शैलीचाच भाग आहे. अलंकारशास्त्रही भेदोपभेद मोजते आणि कामशास्त्रही. ग्रंथातील कोणती गोष्ट अनुभवाची आणि कोणती शैलीच्या आग्रहाची, हा विवेक इतिहासकाराने वाङ्मयसमीक्षकाकडून घ्यावयाचा आहे.

शास्त्रातील विध्यर्थ आणि प्रत्यक्ष राजाच्या आज्ञेतील विध्यर्थ यांतही भेद केला पाहिजे. पहिला कोणत्याही राजाला लागू. दुसरा ठरावीक राजाने ठरावीक माणसांना सांगितलेला. अशोकाचे धौली आणि जौगड येथील स्वतंत्र शिलालेख या दृष्टीने फार बोलके आहेत. कलिंगाच्या भीषण विजयाचा वृत्तान्त ज्या तेराव्या शिलालेखात अन्यत्र येतो, तो खुद्द कलिंगात कोरलेला नाही. त्याच्या जागी तेथील महामात्रांना उद्देशून केलेला हा उपदेश आहे. राजाला अभिप्रेत असलेले तुम्हांला पूर्णपणे उमगलेले नाही. कोणी विनाकारण बंधनात पडतो, कोणाला क्लेश होतात. मत्सर, क्रोध, निष्ठुरता, उतावळेपणा, आळस यांमुळे तुमच्या हातून न्याय होत नाही, असे सम्राट आपल्याच अधिकाऱ्यांना ऐकवतो. हा लेख तिष्य नक्षत्रावर वाचून दाखवावा, असे सांगतो. दर पाच वर्षांनी तपासणीसाठी सौम्य वृत्तीचा महामात्र पाठवीन असे म्हणतो, आणि उज्जयिनी व तक्षशिला येथील कुमारांनी तीन वर्षांच्या आत तसेच करावे असे बजावतो.

ही आज्ञा वाचताना कानावर येतो तो साम्राज्याच्या सामर्थ्याबरोबरच त्याच्या मर्यादेचा कबुलीजबाब. पाटलिपुत्राची इच्छा तोसलीच्या तुरुंगापर्यंत जाताना वाटेत माणसांच्या स्वभावातून जाते. अशोकाच्या राज्यात न्याय होत असे की नसे, हे हा लेख सांगत नाही. न्याय व्हावा म्हणून राजाला दगडावर पुनःपुन्हा लिहावे लागले, हे मात्र तो सांगतो. आज्ञा पुनःपुन्हा द्यावी लागणे हे ती पाळली जात नसल्याचे लक्षण असू शकते, हा साधा तर्क विध्यर्थ विध्यर्थ म्हणूनच वाचला तर सुचतो.

मराठीत या प्रकारच्या लेखनाचा मानदंड म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले ‘आज्ञापत्र’. कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकीर्दीत, १७१५ च्या सुमारास ते सिद्ध झाले. त्यातील गद्य विध्यर्थाच्या ठाम पावलांनी चालते : दुर्ग कसा बांधावा, आरमार कसे राखावे, टोपीकरांना जागा देताना कोणती सावधगिरी बाळगावी, आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्याफणसांना तिच्या संमतीवाचून हात का लावू नये. या ग्रंथावरून शिवकालीन राज्यव्यवस्थेचे रीतिभूत वर्णन करण्याचा मोह अनेकांना झाला आहे. पण ग्रंथातील वतनदारांविषयीचे प्रकरण वाचावे. वतनदार हे नावाला वतनदार, वस्तुतः लहानसे राजेच. ते आहे त्यावर संतुष्ट राहत नाहीत, बलवंताचा आश्रय घेतात, परचक्र आले की आधी जाऊन भेटतात. म्हणून त्यांना फार सैल सोडू नये आणि फार आवळूही नये, असा त्याचा सारांश आहे. हा उपदेश शांत काळातील नीतिवचनासारखा वाचला तर त्यातले मर्म हरवते. १६८९ नंतर छत्रपती राजाराम जिंजीस असताना महाराष्ट्रातील कारभाराची धुरा वाहणाऱ्यांत रामचंद्रपंत अग्रगण्य होते, आणि त्याच धामधुमीत औरंगजेबाच्या आमिषांना तोंड देण्यासाठी सरदारांना वतने-इनामांची आश्वासने द्यावी लागली. ज्या कारभाराला वतन देणे भाग पडले, त्याच कारभारातील माणसाने पुढे वतनाच्या धोक्याविषयी लिहिले. या ‘करावे’च्या मागे ‘करता आले नाही’ असा अनुभव उभा आहे. राज्य हे वरून खाली वाहणारी आज्ञा नसून अनेक लहान सत्तांशी अखंड चाललेली देवघेव होती, हे आज्ञापत्र आपल्याला त्याच्या उपदेशापेक्षा त्याच्या चिंतेतून सांगते.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाजवळ सुदैवाने आणखी एक साधन आहे, ते म्हणजे पत्रे. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली; सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग निघाले. या पत्रांतील राजकीय मजकूर पुष्कळांनी वापरला. मायन्याकडे मात्र थोड्यांनीच लक्ष दिले. कोण कोणास ‘आज्ञा’ करतो, कोण ‘विनंती’, कोण ‘आशीर्वाद’ आणि कोण ‘दंडवत’, यात सत्तेचे एक संपूर्ण व्याकरण आहे. ते व्याकरण वस्तुस्थितीच्या मागून येते. छत्रपतींची सत्ता पेशव्यांच्या हाती गेल्यावरही पेशव्यांची मुद्रा छत्रपतींचे नाव घेऊन स्वतःला प्रधान म्हणवीत राहिली. १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक हे पद महादजी शिंद्यांनी मिळवले ते पेशव्यांच्या नावे, आणि स्वतः नायब झाले. उत्तरेत ज्यांच्या शब्दावर सैन्ये हलत, ते महादजी स्वतःला पाटील म्हणवून घेत. नम्रतेचा हा मायना ढोंग म्हणून बाजूस सारणे जितके चूक, तितकेच तो सत्तेचा नकाशा म्हणून वाचणे चूक. सत्ता जेथे होती तेथे मान नव्हता, आणि मान जेथे होता तेथून सत्तेला मान्यता घ्यावी लागत होती, हे या मायन्याने जपून ठेवले आहे.

येथवर विध्यर्थाविषयी सावध केले, याचा अर्थ भूतकाळ विश्वासार्ह असतो असा नव्हे. रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये ‘द प्रोज ऑफ काउंटर-इन्सर्जन्सी’ हा जो निबंध लिहिला, त्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या उठावांविषयी लिहिलेल्या साध्या भूतकाळी वृत्तांतांचे पदशः विश्लेषण आहे. उठावाच्या धामधुमीत लिहिलेले अहवाल, त्यावरून पुढे लिहिलेल्या आठवणी व बखरवजा इतिहास, आणि त्यांवर उभारलेले नंतरच्या विद्वानांचे ग्रंथ अशी तीन थरांची रचना त्यांनी दाखविली. उठाव वणव्यासारखा पसरतो, वादळासारखा उठतो, असे वाक्य लिहिले की उठाव करणाऱ्या माणसाचा निर्णय, त्याचा विचार त्या वाक्यातून नाहीसा होतो. १८५५ च्या संथाळ उठावाविषयी सिदो आणि कान्हू यांनी जे स्वतः सांगितले, ते अशा गद्यात मावले नाही.

आपल्याकडचा ‘फितूर’ हा शब्द असाच न्यायनिवाडा आधीच करून येतो. आंद्रे विंक यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात ‘फितना’ या कल्पनेचा आधार घेऊन अठराव्या शतकातील मराठी स्वराज्याचा विस्तार समजावून देण्याचा प्रयत्न केला. प्रतिपक्षाच्या माणसांना वळवून घेणे ही त्यांच्या मते राज्यनिर्मितीचीच रीत होती. हे मत सर्वांना मान्य झालेले नाही, आणि ते मान्य करण्याचे बंधनही नाही. परंतु ‘फितुरी’ म्हटले की आपण राजाच्या बाजूने बोलू लागतो, आणि ‘वळवणे’ म्हटले की देवघेवीचे वर्णन करू लागतो, एवढे तरी त्या चर्चेने ध्यानात आणून दिले.

आता या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. विध्यर्थ म्हणजे वस्तुस्थिती नव्हे असे एकदा म्हटले, की धर्मशास्त्रातील कठोर नियमांविषयी कोणीही सहज म्हणेल : ते केवळ पुस्तकात होते, प्रत्यक्षात कोठे पाळले जात होते? ही पळवाट आपल्या चर्चांत नवी नाही. तिचे उत्तर असे की विध्यर्थ हा भूतकाळ नसला, तरी तो निष्क्रियही नसतो. त्याला पाठबळ देणारा कोणी भेटला की तो वर्तमान होतो. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज यांच्या योजनेने वारसा, विवाह आणि जाती यांविषयीचे हिंदूंचे वाद शास्त्रांनुसार निकालात काढावेत असे ठरविले. त्यासाठी अकरा पंडितांनी ‘विवादार्णवसेतु’ सिद्ध केला. त्याचा फारसीत आणि फारसीवरून इंग्रजीत अनुवाद होऊन १७७६ मध्ये हॅलहेड यांचे पुस्तक निघाले. १७९४ मध्ये विल्यम जोन्स यांचा मनुस्मृतीचा अनुवाद प्रसिद्ध झाला. पंडितांच्या चर्चेत जो विध्यर्थ टीकाकारांच्या मतभेदांनी वेढलेला होता, तो अनुवादानंतर न्यायालयाच्या मेजावर एकेरी आणि निश्चित होऊन आला. अनुवादाने येथे ग्रंथाचा अर्थ सांगितला एवढेच नव्हे, त्याला नवी सत्ता दिली. अनुवादाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण ध्यानात ठेवावे.

आणि न्यायालयाच्या बाहेरही विध्यर्थाला हात असतात. पाणवठ्यावर कोणी पाणी भरावे आणि कोणी भरू नये, हे ठरविण्यासाठी गावाला मनुस्मृतीची प्रत लागत नव्हती. परंतु त्या निर्बंधाला पवित्र ठरविणारा शब्द हवा असे, आणि तो ग्रंथाकडे होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, ते एका पुस्तकातील प्रत्येक वाक्य रोज अमलात येत होते असा दावा करण्यासाठी नव्हे. माणसाला माणसापासून दूर ठेवणाऱ्या आज्ञेचा अधिकारच अमान्य करण्यासाठी ती कृती होती. ज्यांना आज्ञा ऐकावी लागते, त्यांना ‘करावे’ आणि ‘करीत असत’ यांतील अंतर जसे पंडिताला दिसते तसे दिसत नाही. ते त्यांना अंगावर जाणवते. म्हणून ‘हा नियम पाळला जात होता काय’ या प्रश्नाच्या जोडीला ‘हा नियम कोणाच्या उपयोगी पडत होता’ हा प्रश्न विचारल्यावाचून सत्तेचा अभ्यास पुरा होत नाही.

यावरून अनुवादक आणि इतिहासकार या दोघांसाठी काही व्यवहार्य नियम निघतात. अनुवादकाने मूळचा विध्यर्थ वाक्य सुबक करण्याच्या भरात सोडू नये. ‘करावे’ हे पाचशे वेळा आले तर पाचशे वेळा येऊ द्यावे, कारण ती पुनरुक्ती हाच पुरावा आहे. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांची सरमिसळ करू नये. ‘शासन’, ‘दंड’, ‘राजकारण’ यांसारख्या शब्दांना सर्वत्र ‘सत्ता’ हा एकच सपाट पर्याय देऊ नये. इतिहासकाराने रीतिभूतकाळ लिहिण्यापूर्वी आपल्याजवळ कोरीव लेख, हिशेबाचा कागद, महजर, तक्रारीचा अर्ज असे काही स्वतंत्र साधन आहे काय, हे पाहावे. नसेल तर विध्यर्थाला विध्यर्थच राहू द्यावे आणि तो कोणी, कोणासाठी, कशाच्या भयाने लिहिला हे सांगावे. असे केल्याने आपली प्राचीन राज्ये कदाचित थोडी कमी भव्य आणि थोडी कमी भयंकर दिसतील. त्यांत आज्ञा देणारे, ती लिहून घेणारे, वाटेत तिला वळण देणारे आणि ती सोसणारे असे सर्वच लोक मात्र आपापल्या जागी दिसू लागतील.